विमानाची भीती: भीतीसकट कसं बसायचं

पुण्याहून दिल्ली विमानानं दोन-सव्वादोन तासांवर आहे. तरीही काही मंडळी गुपचूप दुरांतोचं तिकीट काढतात आणि कुणी विचारलंच तर सांगतात, "रेल्वेत कशी निवांत झोप होते." घरच्यांना खरं कारण ठाऊक असतं, पण तो विषय कुणी काढत नाही. मुलगी न्यूजर्सीत असली आणि तिचं बाळंतपण जवळ आलं, की मात्र रेल्वे कामाची नाही. मग महिनाभर आधीपासून झोप उडते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भीती पूर्ण गेली की मग विमानात बसेन, असं ठरवलेल्या माणसाचं विमान दरवेळी सुटतं. भीती वाटत असतानाच बसायचं, ती चढते कशी आणि ओसरते कशी हे बघायचं. कमी व्हायला लागते ती त्यानंतर. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

पायरी १: आपली भीती नेमकी कशाची, ते शोधा

विमानाची भीती म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळं काहीतरी असतं. एकाला विमान पडेल असं वाटतं. दुसऱ्याला पडण्याचं काही नाही, पण दार बंद झालं की आता इथून बाहेर पडता येणार नाही याचा धसका असतो. हा माणूस बहुधा लिफ्टही टाळतो, नाट्यगृहात कडेची खुर्ची धरतो आणि एमआरआयचं नाव काढलं की त्याला घाम फुटतो. तिसऱ्याला धास्ती असते स्वतःचीच: मला तिथे घाबरंघुबरं होईल, मी ओरडेन, चारचौघांत शोभा होईल. चौथ्याला उंची सोसत नाही. आणि काहींना नुसतं कान दुखण्याचं किंवा उलटीचं भय असतं. त्यावर चघळायला गोळी आणि डॉक्टरांना विचारून उलटीचं औषध एवढं पुरतं.

कागद घ्या आणि "विमानात बसलं की मला वाटतं..." हे वाक्य न थांबता पुरं करा. जे पहिल्यांदा उतरेल ते खरं. पडण्याचं भय असेल तर चौथी-पाचवी पायरी नीट वाचा. कोंडल्यासारखं होत असेल तर सराव जमिनीवरच सुरू होतो: आधी एक मजला लिफ्टनं, मग दहा मजले, मग गर्दीच्या वेळी. उंचीवाल्यांनी रायगडचा रोपवे एकदा करून बघावा. विमानापेक्षा तोच अवघड वाटला असं सांगणारे भेटतील. चारचौघांत घाबरण्याची भीती असेल तर सहावी पायरी तुमची.

पायरी २: खात्रीचा हट्ट ओळखा

आकडे सगळ्यांनी ऐकलेले असतात. २०२४ साली जगभर ४ कोटींहून जास्त व्यावसायिक उड्डाणं झाली, त्यांत जीवितहानी झालेले अपघात ७. भारतातल्या रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं गेली. हे सांगितल्यावर घाबरणारा माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "ते खरं, पण त्या सातांत माझं विमान नसेल कशावरून?"

गोम इथेच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती नेमकं याच जागी बोट ठेवते. सुखरूप पोचावं ही इच्छा झाली. "शंभर टक्के खात्री मिळालीच पाहिजे, नाहीतर मी सहनच करू शकणार नाही" हा हट्ट झाला. इच्छेमुळे थोडी काळजी वाटते, हट्टामुळे घाम फुटतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर गाडी काढताना असली खात्री आपण कुणाकडे मागत नाही. तिथे धोका पत्करून वडापाव खायला थांबतो.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, जमिनीवरचीही माणसं गेली. ज्यांना पूर्वी काही वाटत नव्हतं असे कितीतरी जण तेव्हापासून खिडकीची जागा नको म्हणतात. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र त्या अपघाताच्या चित्रफिती रात्री पुन्हा पुन्हा बघणं तेवढं बंद करा. त्यातून माहिती वाढत नाही, मनात चित्र मात्र पक्कं बसतं.

पायरी ३: तिकीट काढतानाच अर्धं काम करा

सकाळचं विमान घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी जमीन तापते, गरम हवा वर चढते आणि विदर्भ-मराठवाड्यावरून जाताना गचके बसतात. पहाटे हवा शांत असते. शिवाय दिवसभर घड्याळाकडे बघत झुरायला वेळच मिळत नाही.

जागा पंखांच्या आसपासची, म्हणजे एअरबस ३२० मध्ये साधारण १० ते २० या रांगांतली. हादरे तिथे कमी जाणवतात, शेपटाकडे जास्त. संकटकाळी उघडायच्या दाराजवळची रांग नको, तिथे बसणाऱ्यावर जबाबदारी असते. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी मधल्या वाटेकडची खुर्ची घ्यावी. पहिला प्रवास मुंबई-नागपूर किंवा पुणे-गोवा असा छोटा ठेवता आला तर उत्तम.

पायरी ४: आवाज पाठ करा

ही पायरी सगळ्यांत मोलाची. घाबरलेला माणूस विमानात कान टवकारून बसलेला असतो आणि प्रत्येक आवाजाचा अर्थ एकच लावतो. म्हणून आवाज क्रमानं आधीच माहीत करून घ्या.

दारं बंद होतात. इंजिन सुरू होताना दिवे क्षणभर मिचकतात, एसीची हवा मंदावते. वीजपुरवठा बदलल्यामुळे असं होतं. एअरबस ३२० घराण्यातली विमानं आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्यांत यावेळी पायाखालून कुणी करवत चालवत असल्यासारखा घर्रघर्र आवाज येऊ शकतो. हायड्रॉलिक यंत्रणेचा एक पंप दुसऱ्या बाजूला दाब पुरवत असतो, त्याचा तो आवाज.

धावपट्टीवरचा पळ अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. सगळं खडखडतं, डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यांची झाकणंही. चाकं सुटतात आणि काही सेकंदांत खालून धप्प होतं. चाकं पोटात घेतली गेली.

आता सगळ्यांत वाईट क्षण. जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवर इंजिनांचा आवाज एकदम उतरतो आणि पोटात खड्डा पडतो. "इंजिन बंद पडलं" असं वाटण्याची हीच ती जागा. उड्डाणाला लागणारा जोर आता नको असतो म्हणून वैमानिक तो ठरल्याप्रमाणे कमी करतात. विमान चढतच असतं, फक्त चढण्याचा वेग बदलतो, आणि आतल्या कानाला तो बदल खाली जाण्यासारखा वाटतो. घड्याळ बघून ठेवा: चाकं सुटल्यापासून साधारण मिनिटभरात हे होणार. होणार हे माहीत असलं की त्याचा दंश निम्मा होतो. पाठोपाठ पंखांवरची फळकुटं, म्हणजे फ्लॅप, आत जातात. त्यांच्या मोटरचा कूंऽऽ असा आवाज येतो.

वर गेल्यावर टिंग-टिंग वाजतं. कुणीतरी पाणी मागितलेलं असतं, किंवा पट्ट्यांचा दिवा लागलेला किंवा विझलेला असतो.

उतरताना पंख थरथरतात, वारा घोंघावतो, चाकं बाहेर येताना गडगडाट होतो. पावसाळ्यात मुंबईला विमान धावपट्टीवर जरा जोरात आपटल्यासारखं टेकतं. ओल्या धावपट्टीवर चाकांना पाण्याच्या थराखालची पकड मिळावी म्हणून वैमानिक मुद्दाम तसं टेकवतात. लगेच इंजिनांची गर्जना होते, ती थांबण्यासाठी. आणि कधी अगदी खाली आलेलं विमान पुन्हा झपकन वर जातं. दिसेना, वारा फिरला, पुढचं विमान धावपट्टीवरून हटलं नाही, अशी कारणं असतात. पुन्हा फेरी मारायची किंवा दुसऱ्या विमानतळावर जायचं, यासाठीचं इंधन नियमानंच बरोबर घेतलेलं असतं.

पायरी ५: हादरे बसायला लागले की बाटलीकडे बघा

अर्धी भरलेली पाण्याची बाटली समोरच्या ट्रेवर ठेवा. आपल्याला वाटतं आपण शेकडो फूट खाली गेलो. पाणी मात्र जेमतेम डुचमळत असतं. डोळ्यांना दिसणारा हा पुरावा कुठल्याही समजुतीपेक्षा उपयोगी पडतो. नेहमीच्या हादऱ्यांत विमानाची उंची फार थोडी बदलते. पंखांचं म्हणाल तर ते खिडकीतून वाकताना दिसतात, आणि ते वाकायलाच हवेत. सेवेत येऊ शकेल अशा सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार सोसल्याशिवाय विमानाला मान्यता मिळत नाही.

दोन्ही इंजिनं बंद पडली तर, हा पुढचा प्रश्न ठरलेला. पुरेशी उंची असेल तर विमान तरंगत उतरतं. २००१ च्या ऑगस्टमध्ये एअर ट्रान्सॅटच्या विमानातलं इंधन अटलांटिकवर गळून संपलं. दोन्ही इंजिनं बंद असताना ते अझोर्स बेटांवर उतरलं आणि ३०६ च्या ३०६ जण वाचले.

हादऱ्यांत खरा धोका कुणाला असतो? पट्टा न बांधलेल्याला. २१ मे २०२४ ला लंडन-सिंगापूर विमानाला म्यानमारवर जबर हादरा बसला, एक प्रवासी दगावला, अनेक जखमी झाले. विमान मात्र बँकॉकला नीट उतरलं. तेव्हा दिवा विझला तरी पट्टा कमरेवर घट्ट ठेवा. भीती असो वा नसो, हा नियम सगळ्यांना लागू.

पायरी ६: श्वास सोडा, रामरक्षा म्हणा

घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आता आपल्याला काहीतरी होणार असं वाटून भीती आणखी चढते. इथे "खोल श्वास घे" हा सल्ला चुकीचा पडतो, कारण श्वास आधीच जास्त झालेला असतो. सोडायचा असतो. चार आकड्यांत आत, सहा ते आठ आकड्यांत बाहेर, ओठ थोडे मिटून. घबराटीची लाट बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत कळसाला पोचते आणि मग ओसरू लागते. तेवढी दहा मिनिटं बसून काढायची. लाट परतवायला गेलं की ती लांबते.

विमान धावू लागलं की शेजारच्या आजी ओठ हलवत असतात. त्यांचं बरोबर आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, असं त्यात दिसलं. रामरक्षा, भीमरूपी, पसायदान, काहीही चालेल. देवावर विश्वास नसलेल्यांनी पाढे म्हणावेत, एकोणतीसचा म्हटला तर डोकंही गुंतून राहील. घाई न करता, एका श्वासात एक ओळ.

विमानात चढताना दारातल्या सेविकेला सांगून ठेवा, "मला विमानाची भीती वाटते." त्यांना रोज असे प्रवासी भेटतात. लपवायचं ओझं उतरलं की चारचौघांचा धसकाही कमी होतो.

पायरी ७: गोळीचा विचार सावधपणे

शेजारच्यांनी दिलेली अल्प्राझोलामची (घबराट शमवणाऱ्या औषधाची) गोळी खिशात टाकून निघू नका. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची आणि दारूबरोबर कधीच नाही. शिवाय तिची एक अडचण आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विमानाला घाबरणाऱ्या काही स्त्रियांना पहिल्या प्रवासात ती दिली, काहींना नुसती खोटी गोळी. पहिला प्रवास खऱ्या गोळीवाल्यांचा सोपा गेला. आठवड्यानं दोन्ही गट गोळीविना उडाले, तेव्हा आधी खरी गोळी घेतलेल्या बायकाच जास्त घाबरल्या. भीती आपोआप ओसरते हे शिकण्याची संधी गोळीनं हिरावली होती. अगदी निकडीचा एखादा प्रवास असेल तर डॉक्टर ठरवतील. दरवेळची सवय नको.

सोबत जाणाऱ्यांसाठी

"काही होत नाही गं" म्हणू नका. दर पाच मिनिटांनी "बरं वाटतंय ना?" असंही विचारू नका. पुढचा आवाज कशाचा ते आधी सांगा, बास.

आई-बाबांना परदेशी एकट्यानं पाठवताना मात्र विचारून घ्या. पुष्कळदा त्यांची भीती विमानाची नसते. दुबईला किंवा फ्रँकफर्टला विमान बदलताना गेट सापडेल का, इमिग्रेशनवाला इंग्रजीत काय विचारील, ही असते. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा, म्हणजे माणूस येऊन गेटपर्यंत सोडतो. मुलीचा पत्ता, फोन आणि औषधांची नावं इंग्रजीत लिहिलेला कागद वरच्या खिशात द्या.

उतरल्यावर

परतीचं तिकीटही विमानाचंच काढा आणि पुढचा छोटा प्रवास दोन-तीन महिन्यांत ठरवा. मधे वर्ष गेलं तर भीती पुन्हा मूळ धरते. दोन-तीन प्रवासांनंतरही आदल्या आठवड्याची झोप उडतच असेल, किंवा भीतीपायी नोकरी, लग्नकार्यं सुटत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पायरीपायरीनं सामोरं जायच्या उपचारानं या भीतीला चांगला गुण येतो. कुठे जावं कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. ब्रिटनमध्ये असाल तर ब्रिटिश एअरवेज आणि ईझीजेट यांचे खास घाबरणाऱ्या प्रवाशांसाठी वर्ग असतात. वैमानिक स्वतः शंका सोडवतात आणि शेवटी एक छोटी फेरी मारून आणतात.