पहिली एअर रायफल घेताय? मग या चुका टाळा

नाशिकमधल्या नेमबाजीच्या एका लहानशा रेंजवर गेली 14 वर्षं मी मुलांच्या रायफली लावून देतो, दुरुस्त करतो, साफ करतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेला कांस्य मिळालं आणि पुढचे दोन महिने आमच्याकडे पालकांची रीघ लागली. याचा आनंदच आहे. पण त्यातले निम्मे लोक रायफल आधी विकत घेऊन आले होते आणि शिकायचं काय हे नंतर विचारत होते. स्वप्नीलचं पदक 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून), पॉइंट टू टू म्हणजे 0.22 इंची गोळीच्या रायफलीचं. त्या रायफलीला परवाना लागतो आणि तिथवर पोचायला वर्षं जातात. आपल्याकडे सुरुवात होते ती हवेच्या दाबानं छर्रा मारणाऱ्या 10 मीटर एअर रायफलीपासून, म्हणजे ज्या प्रकारात 2008 साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं सुवर्ण जिंकलं. तेव्हा पुढचं सगळं त्याच रायफलीबद्दल आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक आधी सांगतो. शाळेचा गणवेश घ्यावा तशी लोक वाढत्या अंगाची रायफल घेतात.

दोन वर्षांपूर्वी सिन्नरहून एक वडील त्यांच्या 12 वर्षांच्या मुलीला घेऊन आले. जर्मन बनावटीची नवी कोरी रायफल, मोठ्या माणसाच्या मापाची. "सर, एकदाच चांगली घेतली, आता पुढची दहा वर्षं बघायला नको." रायफल उत्तमच होती. पण मुलीनं ती खांद्याला लावली तेव्हा दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर घसरत होता आणि साईटमधून, म्हणजे नेम धरायच्या भोकातून, बघायला तिला मान ताणून पुढे न्यावी लागत होती. मागची बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी, सगळ्यात आत घेतली, तरी दस्ता दोन बोटं लांबच. मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं, ही रायफल हिच्यासाठी नाही. वडिलांना वाटलं, सवय होईल. सहा महिने ती पोर इमानेइतबारे येत राहिली. स्कोअर हलला नाही आणि डिसेंबरात कंबर दुखायला लागली. वजन पेलायला ती मागे झुकत होती आणि सगळा भार पाठीच्या कण्यावर येत होता. शेवटी रेंजवरची जुनी, हलकी, आखूड दस्त्याची रायफल तिच्या हातात दिली. तीन आठवड्यांत तिचे छर्रे एका जागी यायला लागले. तिचे ते सहा महिने फुकट गेले याचं मला आजही वाईट वाटतं, कारण मी तेव्हा जास्त ठामपणे अडवायला हवं होतं.

स्पर्धेत रायफलीचं वजन 5.5 किलोपर्यंत चालतं. ती वरची मर्यादा आहे. तेवढं वजन असलंच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. माप बघायची माझी पद्धत साधी आहे. मुलाला पोझिशन घ्यायला सांगतो, डोळे मिटायला सांगतो, रायफल गालाला लावून दोन श्वास घेऊ देतो आणि मग म्हणतो, उघड. मान न हलवता मागच्या साईटच्या भोकात पुढचं वर्तुळ मधोमध दिसलं, तर रायफल मापाची. नाही दिसलं, तर गालाची पट्टी वरखाली करून बघायची. सगळं हलवूनही जमत नसेल तर ती रायफल सोडून द्यायची, मग ती कितीही नावाजलेल्या कंपनीची असो.

"पॉवर किती आहे हिची?" हा प्रश्न ऐकला की मी समोरच्याला बसवून घेतो. 10 मीटरच्या रायफलीचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगानं जातो आणि कागदाला भोक पाडायला तेवढा वेग पुरेसा आहे. जाहिरातीत याच्या जवळपास दुप्पट वेग छापलेल्या स्प्रिंगच्या बंदुका असतात. त्यांत पिस्टन पुढे आदळतो, बंदूक हातात दोनदा हिसका खाते आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत नेम हललेला असतो. निशाणाचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 0.5 मिमीचं आहे. तिथे जोर कामाचा नाही.

आणि कायदा नीट समजून घ्या. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिमी नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. म्हणून ती खेळणं होत नाही. निफाड, दिंडोरीकडचे काहीजण द्राक्षबागेतली पाखरं मारायला एअरगन मागतात. मी त्यांना परत पाठवतो. बागेला जाळी लावा. परदेशी व्हिडिओ बघून सेमी ऑटोमॅटिक शिकारी रायफल कोणती चांगली, असं विचारणारी तरुण मुलंही येतात. आपल्याकडे 1972 पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपतो. पण त्या देशांतले जाणकार शिकारीसुद्धा रायफल निवडताना आधी हेच बघतात: अंगाला बसते का, कोणती गोळी तिला मानवते आणि साईट घट्ट आहे का.

साईटवरून माझी दुसरी दुखरी जागा. छर्रे पसरले की दोष रायफलीला द्यायचा आणि नवी घ्यायची.

कॉलेजरोडचा एक मुलगा, चांगला शिकलेला, हुशार. रायफल घेऊन तीन आठवडे झाले होते. पाच छर्रे मारले की काही नऊत, काही आठात, एखादा सातात. तो प्रत्येक छर्र्यानंतर साईटची नेम सरकवायची चाकं फिरवायचा. रात्री व्हिडिओ बघायचा, सकाळी नवीन सेटिंग. छर्र्यांचे तीन वेगवेगळे डबे घेऊन झाले. मग एक दिवस म्हणाला, "सर, नळीच खराब आहे, विकून टाकतो." मी रायफल टेबलावर ठेवली आणि मागची साईट ज्या खोबणीत बसते तिथला स्क्रू पाहिला. बोटानंसुद्धा फिरत होता. साईट दर छर्र्याला केसभर सरकत होती. हिशेब करून बघा. दोन साईटींमध्ये साधारण 80 सेंमी अंतर असतं. मागची साईट 0.1 मिमी हलली तर 10 मीटरवर छर्रा सव्वा मिमी सरकतो, म्हणजे जवळजवळ अर्धा गुण. तिथे तर साईट त्याहून कितीतरी जास्त हलत होती. स्क्रू घट्ट केला, टेबलावर टेकवून पाच छर्रे मारले, पाचही एकाच भोकात. त्यानं तीन आठवड्यांत साईट इतक्यांदा फिरवली होती, पण तिला धरून ठेवणारा स्क्रू एकदाही तपासला नव्हता.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी साईटचे स्क्रू, मग दस्ता आणि नळी जोडणारे स्क्रू. तेही पुस्तिकेत दिलेल्या जोरानं, टॉर्क पान्यानं, अंदाजानं आवळून नाही. मग टेकवून पाच छर्रे. ते एका जागी आले तर रायफल निर्दोष आहे, शिकायचं ते आपल्याला. पाच छर्र्यांचा मध्य कुठे आहे ते बघूनच साईटला हात लावायचा. एका छर्र्यावरून साईट फिरवणाऱ्याला मी रेंजवर चाकांना चिकटपट्टी लावून देतो.

छर्रे स्वस्त घेऊ नका. चपट्या तोंडाचे घ्या, त्यानं कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. 4.49, 4.50, 4.51 असे डोक्याचे मापाचे फरक असतात आणि एका रायफलीला मानवणारा डबा शेजारच्या रायफलीला मानवेलच असं नाही. दोन-तीन प्रकारचे डबे आणा, टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे मारा, मग एकाच बॅचचे जास्त घ्या. छर्र्यांत शिसं असतं, म्हणून छर्र्यांच्या डब्याला हात लावल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्यातली पोळीभाजी खायची नाही. मुलांच्या बाबतीत मी यात जराही सूट देत नाही.

जुनी रायफल घ्यायला हरकत नाही, पण छर्र्याला जोर देणाऱ्या, नळीखालच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. 10 वर्षं उलटली असतील तर तो सिलिंडर बदलायचा खर्च किमतीत धरा. 200 बार दाब असलेली वस्तू मुलाच्या गालाजवळ असते. स्वस्तात मिळाली म्हणून तारीख डोळ्याआड करणारे पालक मला समजत नाहीत.

सिलिंडर भरताना घाई नको. झटकन भरला की हवा तापते, काटा 200 दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. मग लोक म्हणतात गळती आहे. हळू भरा, थांबा, पुन्हा बघा. झडपेला घरातलं मशीनचं तेल कधीही लावू नका, एवढ्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकंच.

जानेवारीतल्या सकाळी दाब थोडा कमी दिसतो. थंडीमुळे. घाबरून वर भरू नका.

स्प्रिंगची बंदूक छर्रा न घालता चालवू नका, पिस्टन आदळून खराब होतो.

पावसाळ्यात घरी गेल्यावर केस उघडी ठेवा. इगतपुरीकडून रोज येणाऱ्या एका मुलानं जुलैभर ओली केस बंद ठेवली आणि ऑगस्टमध्ये साईटच्या खोबणीत गंज निघाला. आता तो केसमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतो आणि दर रविवारी पंख्याखाली वाळवतो.