बोटांना पाठ, तोंडाला नाही: टर्मिनलवरच्या पायऱ्या कशा टिपायच्या

"तुम्ही ही नोंद कशी करता?" असं विचारलं की माणूस जे सांगतो आणि प्रत्यक्ष करतो, त्यात दोन-तीन स्क्रीनचा फरक निघतोच. खोटं कोणी बोलत नाही. रोजच्या पायऱ्या बोटांना पाठ असतात, तोंडाला नसतात. म्हणून ५२५० टर्मिनलवरच्या (आयबीएमच्या मोठ्या संगणकाला जोडलेल्या, मजकुराच्या पडद्यावरच्या) कामाचं मॅन्युअल लिहिताना मी आधी मुलाखत घेत नाही. एमुलेटरची, म्हणजे तो टर्मिनल पीसीवर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची, स्क्रीन हिस्टरी (येऊन गेलेल्या स्क्रीन साठवण्याची सोय) चालू करते आणि गप्प बसते.

ही पद्धत इथे छान जमते, कारण ५२५० वर टाइप केलेलं सगळं आधी टर्मिनलपाशीच थांबतं. एंटर किंवा एखादी फंक्शन की दाबली की भरलेली स्क्रीन एकदम होस्टकडे, म्हणजे मुख्य संगणकाकडे जाते आणि पुढची येते. म्हणजे पायऱ्या आपोआप वेगळ्या पडलेल्याच असतात.

सुरुवातीला एक चाचणी मात्र कराच. कुठल्याही फील्डमध्ये, म्हणजे माहिती भरायच्या जागेत, चार अक्षरं टाका, एंटर मारा आणि हिस्टरीत मागे जाऊन बघा. ती चार अक्षरं दिसतात का? काही ठिकाणी होस्टकडून आलेली कोरी स्क्रीनच साठते आणि त्यात भरलेलं काही दिसत नाही. तसं असेल तर प्रत्येक एंटरच्या आधी स्क्रीन हाताने कॉपी करावी लागेल. हे जर काम संपल्यावर कळलं, तर सगळं पुन्हा करावं लागतं. मी केलेलं आहे.

एमुलेटरमध्ये अशी सोयच नसेल, तर आयबीएम आय वर (त्या मुख्य संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर) 'स्टार्ट कॉपी स्क्रीन' ही कमांड आहे. ती स्क्रीन दुसऱ्या टर्मिनलवर किंवा थेट फाइलमध्ये उतरवते. मात्र ती वापरण्याआधी सिस्टीम सांभाळणाऱ्यांना विचारा.

आता प्रत्यक्ष काम. शक्यतो टेस्ट लायब्ररीत, म्हणजे खऱ्या नोंदींऐवजी चाचणीच्या माहितीवर, बसा. जुनी हिस्टरी पुसा, साइन-ऑन करून मुख्य मेनूपासून सुरू करा. मधूनच सुरू केलं, तर 'या स्क्रीनवर यायचं कसं' हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही. काम करणाऱ्याला त्याच्या वेगाने जाऊ द्या. तो चुकला, एफ-१२ दाबून मागे आला, तरी टोकू नका. त्या चुकीची स्क्रीन पुढे फार उपयोगी पडते.

तुमच्या हातात मात्र वही हवी. स्क्रीन हिस्टरी स्क्रीन दाखवते, दाबलेली की दाखवत नाही. एका मॅन्युअलमध्ये मी याच कारणाने तोंडावर पडले. संख्येच्या फील्डमध्ये आधी १२५० होतं, तिथे ३० करायचं होतं. अनुभवी बाईंनी ३० टाइप करून फील्ड एक्झिट दाबलं, म्हणजे कर्सरच्या पुढचं सगळं पुसलं गेलं. माझ्या मॅन्युअलवरून शिकणाऱ्याने ३० टाइप करून टॅब दाबलं आणि तिथे ३०५० उरलं. माझ्या दोन्ही स्क्रीन बरोबर होत्या. त्यांच्या मधली की कुठेच लिहिलेली नव्हती. तेव्हापासून वहीत दोनच रकाने असतात: स्क्रीनचं नाव आणि तिथे दाबलेली की. फील्ड एक्झिट, पेज डाउन, एफ-४ ने उघडलेली यादी, सगळं त्यात येतं.

मग साठवणं. मी मजकूर आणि चित्र दोन्ही ठेवते. मजकुरात शोधता येतं आणि खरी नावं, खाते क्रमांक पुसणं सोपं जातं, कारण प्रत्येक फील्डची ओळ आणि रकाना ठरलेला असतो. पासवर्ड स्क्रीनवर उमटत नाही, पण बाकी सगळं उमटतं, हे विसरू नका. चित्र लागतं ते चुकीचं फील्ड उलट्या रंगात चमकलेलं दाखवायला. साध्या मजकुरात ते हरवतं. मजकुराला सारख्या रुंदीच्या अक्षरांचा फॉन्ट द्या, नाहीतर रकाने कोलमडतात. २४ ओळी, ८० रकाने उभ्या पानावर बसतात. २७ बाय १३२ ची स्क्रीन असेल तर पान आडवं करा.

लिनक्सवरच्या सिस्टीमसाठी 'स्क्रिप्ट' कमांड वापरा, वेळेच्या नोंदीसह. मग 'स्क्रिप्टरिप्ले'ने तेच सत्र पुन्हा चालवता येतं. नुसत्या स्क्रोलबॅकवर (खिडकी वर सरकवून दिसणाऱ्या मागच्या मजकुरावर) विसंबू नका. पूर्ण पडदा व्यापणारे प्रोग्रॅम बहुधा त्यात उरतच नाहीत.

शेवटी छाटणी. यादी खाली सरकवताना साठलेल्या सारख्या स्क्रीन काढा, पण तळाच्या ओळीत संदेश असलेली एकही काढू नका. मग ते काम कधीच न केलेल्या माणसाला पानं द्या आणि मागे बसा. तो जिथे मान वळवून तुमच्याकडे बघेल, तिथे वहीतली एक की लिहायची राहिली आहे.