मॅथ्समध्ये एमएस्सी किंवा पीएचडी करताय? मुंबईत राहून सुरुवात अशी करा

एमएस्सीला चांगले मार्क पडले तरी पीएचडीच्या पहिल्या सेमिस्टरला बरीच मुलं घाबरतात. कारण साधं आहे, तोवर आपण दुसऱ्यांची प्रूफं वाचून परीक्षेत उतरवलेली असतात आणि आता स्वतः लिहायची असतात.

म्हणून आधी एक जाड कच्ची वही घ्या. थिअरम वाचलं की पुस्तक बंद करून प्रूफ स्वतः लिहायला बसा, अडलात तर एकच ओळ बघा आणि परत बंद. झालं की थिअरममधली एकेक अट काढून बघा काय मोडतं. उदाहरणार्थ, क्लोज्ड आणि बाउंडेड इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं, बरोबर? आता शून्य ते एक असा ओपन इंटरव्हल घ्या आणि एक भागिले एक्स बघा, शून्याजवळ गेलं की ते वर वर जातच राहतं. पाच-दहा थिअरमचं असं केलंत ना, की कॉम्पॅक्ट (संख्यारेषेवर क्लोज्ड आणि बाउंडेड सेट) म्हणजे काय ते आतून कळायला लागतं. एका पानाला तीन दिवस लागले तरी चालेल, खरंच चालेल. मी डोंबिवलीहून यायचे तेव्हा रात्री अडलेला लेमा (मोठ्या थिअरमसाठी लागणारं छोटं विधान) सकाळी लोकलमध्ये उभ्यानं डोक्यात घोळवायचे, वही काढायला जागाच नसायची त्यामुळे डेफिनिशन्स तोंडपाठ असाव्याच लागायच्या, आणि त्याचा उपयोग मला आजही होतो.

दुसरं म्हणजे एकट्यानं अभ्यास करू नका. दोघं-तिघं जमा, आठवड्यातून एकदा रिकामा वर्ग शोधा, एकानं फळ्यावर प्रूफ सांगायचं आणि तो 'हे तर उघड आहे' म्हणाला की बाकीच्यांनी थांबवून 'का?' विचारायचं. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. सीएसआयआर-नेट ही रिसर्च फेलोशिप आणि लेक्चररशिपसाठीची परीक्षा, तिचा मॅथ्सचा पेपर 200 मार्कांचा, त्यातल्या पार्ट सीमध्ये 60 पैकी 20 प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी 4.75 मार्क. या पार्टला निगेटिव्ह मार्किंग नाही पण बरोबर असलेले सगळे पर्याय निवडावे लागतात, त्यामुळे वर सांगितलेली अटी काढून बघायची सवय इथे फार कामाला येते. एनबीएचएमची (नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्स) स्कॉलरशिप आणि गेट ही परीक्षासुद्धा बघून ठेवा.

आता मुंबईचा फायदा घ्या, तो बरेच जण घेतच नाहीत. पवईला आयआयटीत नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्स आहे, आयआयटी आणि टीआयएफआर (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) मिळून चालवतात, त्यांच्या अ‍ॅन्युअल फाउंडेशन स्कूलला अर्ज कराच, अल्जेब्रा, अ‍ॅनालिसिस, टोपोलॉजी असा सगळा पाया पक्का करून घेतात. एमएस्सीला असाल तर उन्हाळ्यातला एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) प्रोग्रॅम करा, तो 1993 पासून चालू आहे आणि तिथे लेक्चर ऐकून उतरवण्यापेक्षा स्वतः विचार करण्यावर भर असतो. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये आणि कलिनाला विद्यापीठात सेमिनार होतात, आधी मेल करून विचारा, आयकार्ड सोबत ठेवा. पहिल्या दहा मिनिटांनंतर काही कळलं नाही तरी बसा, फक्त तेवढ्या दहा मिनिटांच्या नोट्स काढा.

फुकट गोष्टीही भरपूर आहेत: टीआयएफआरच्या जुन्या लेक्चर नोट्स त्यांच्या साईटवर, आर्काइव्ह (arXiv) या साईटवर रिसर्च पेपर, एनपीटीईएलवर कोर्सेसचे व्हिडिओ, आणि झेडबीमॅथ (zbMATH) हा मॅथ्सच्या पेपर्सचा डेटाबेस 2021 पासून सगळ्यांना खुलं आहे, कुठल्या विषयावर कोणी काय केलंय ते तिथे शोधा. लाटेक (LaTeX), म्हणजे मॅथ्स टाइप करायचं सॉफ्टवेअर, पहिल्याच महिन्यात शिका, थीसिसची वाट बघू नका.

गाईड निवडताना नाव बघण्याआधी त्यांच्या आत्ताच्या स्टुडंट्सना चहाला बोलवा आणि सरळ विचारा, सर किंवा मॅडम किती दिवसांनी भेटतात, अडल्यावर मदत करतात का. आणि गाईड मिळाले की दर भेटीला एक पान लिहून न्या: काय करून बघितलं, नेमकं कुठे अडलं. ज्या आठवड्यात काहीच सुटलं नाही त्या आठवड्यात तर भेट अजिबात टाळू नका, न सुटलेलंच पान घेऊन जा.