नवीन बाईक घेतलीय? पावसाळ्यात आधी चेनकडे बघा

नवी गाडी घेतली की सगळे पॉलिश मारत बसतात आणि चेनकडे कुणी बघतच नाही, पण उघडी (कव्हर नसलेली) चेन असेल तर साधारण दर 500 किलोमीटरला साफ करून ल्युब, म्हणजे वंगण, मारायचंच, आणि पावसात भिजवून आणली की त्याच दिवशी, थांबायचं नाही. गाडी सेंटर स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसणारे मी पाहिलेत, बोटं जातात हो त्यात, प्लीज नका करू असं!

ओ-रिंगवाली, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली, चेन असेल तर पेट्रोलने अजिबात धुवू नका, रबर खराब होतं, चेन क्लीनर नाहीतर रॉकेल आणि मऊ ब्रश, मग कोरडं पुसून आतल्या बाजूने चेन ल्युब किंवा 90 नंबरचं गिअर ऑइल. रात्री लावून ठेवलं तर सकाळपर्यंत नीट मुरतं, उडत नाही.

चेन किती सैल पाहिजे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बऱ्याच कम्युटर (रोजच्या ये-जा करायच्या) गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर वर-खाली हलेल इतकी, फार घट्टही करू नका, बेअरिंगवर ताण येतो.