मऊ ऊतीच्या मॉडेलला छेद देताना या चुका टाळा

संगणकावरचं यकृताचं मॉडेल दाबलं की लवतं, सोडलं की पुन्हा जागेवर येतं. इथवर सगळे खूश. पहिला छेद दिला की त्रिकोण स्क्रीनभर उधळतात, आणि लगेच हात जातो डॅम्पिंगकडे, म्हणजे हालचाल मंदावणाऱ्या अवरोधाकडे. त्याने कधी स्फोट थांबतोही, पण मग यकृत काकवीत बुडवल्यासारखं रेंगाळतं. घाईवाल्यांचा हा लाडका उपाय. मूळ दुखणं तसंच राहतं.

दुखणं बहुतेक वेळा चपट्या टेट्रांचं असतं. टेट्रा म्हणजे मॉडेल ज्यांनी भरलेलं असतं ते चार त्रिकोणी बाजूंचे तुकडे, आणि नोड म्हणजे त्यांचे कोपरे. पातं टेट्राच्या एखाद्या कडेला नोडच्या अगदी जवळ कापतं आणि तिथे पापडासारखा तुकडा उरतो. लवचिकता (यंगचा गुणांक) ५ किलोपास्कल, पॉयसन गुणोत्तर (ताणल्यावर ऊती आडवी किती आखडते ते) ०.४५ आणि घनता १००० किलो प्रति घनमीटर धरा. ऊतीतून तरंग सेकंदाला साधारण ४.४ मीटर धावतो. टेट्राची सर्वांत कमी उंची ५ मिमी असेल तर एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढची स्थिती थेट आत्ताच्या बलांवरून काढतात ती) टाइम-स्टेप, म्हणजे गणिताची एका वेळची उडी, जेमतेम १.१ मिलिसेकंद चालते. तीच उंची ०.१ मिमी झाली की मर्यादा ०.०२३ मिलिसेकंदावर येते. हाताला बल जाणवून देणारं हॅप्टिक यंत्र १००० हर्ट्झवर चालवायचं, म्हणजे हातात मिलिसेकंदच. मग कसं जमणार? आकारमान तपासून हा तुकडा सापडेलच असं नाही, उंची तपासा.

छेद कडेच्या पहिल्या किंवा शेवटच्या २० टक्क्यांत पडला, तर नवा नोड घालूच नका, जुनाच सरकवून छेदावर आणा. आकडा सवयीचा आहे, १५ ठेवलात तरी चालेल. शेजारचा टेट्रा उलटा होत नाही ना, तेवढं बघा.

इथेच दुसरी चूक होते: नोडची आत्ताची जागा बदलतात आणि मूळ, ताणरहित जागा तशीच ठेवतात. मग ऊतीत नसलेला ताण उगवतो. छेद कडेच्या लांबीच्या ०.३ वर पडला असेल तर नव्या नोडची मूळ जागा, आत्ताची जागा आणि वेग, तिन्ही त्याच ०.३ ने काढा. वस्तुमान नव्या टेट्रांवरून पुन्हा वाटा. तपासणी सोपी आहे. १०० × ५० × २० मिमीची वडी घ्या, गुरुत्व शून्य ठेवा, कुठलंही बल नको, पात्याचंही नाही, आणि आरपार छेद द्या. एकही नोड हलता कामा नये. ही चाचणी न करता थेट यकृतावर उडी मारणाऱ्यांना काय सांगावं!

आता घड्याळ. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या मुलांचा प्रोजेक्ट रात्री होस्टेलवर बिनचूक चालायचा. मे महिन्यातल्या दुपारी, एसी नसलेल्या हॉलमध्ये, परीक्षकांसमोर पहिल्याच छेदाला फुटला. मुलं ऊतीचे गुणधर्म बदलत बसली. खरं तर लॅपटॉप तापून प्रोसेसर मंदावला होता, फ्रेम १६ वरून ४० मिलिसेकंदांवर गेली होती, आणि स्टेप घड्याळावरून, म्हणजे फ्रेमला लागलेल्या वेळाइतकी, घेतलेली. एका स्टेपमध्ये पातं थेट खोल घुसत होतं. स्टेप पक्की ठेवा, मोठी स्टेप सोसणारी इम्प्लिसिट पद्धत असेल तर समजा ५ मिलिसेकंद. वेळ साचला तर एका फ्रेमला चारच स्टेप करा, उरलेला सोडून द्या. सिम्युलेशन संथ दिसेल, दिसू दे.

बाकीच्या झटपट:

छेद शोधताना पात्याची आत्ताची रेघ पुरत नाही. मागची आणि आत्ताची जागा जोडणारा पट्टा तपासा.

पातं टेकताक्षणी ऊती दुभंगू देऊ नका. आधी ती दबते, बल चढतं, मर्यादा ओलांडली की कापली जाते आणि बल उतरतं.

टेट्रा पुसून टाकणं म्हणजे कापणं नव्हे. वस्तुमान जातं, कडा दातेरी होतात.

त्वचेला आधीचा ताण दिलाच नाही, तर जखम उघडणार नाही. तो कोडचा दोष नाही.

मिमी, ग्रॅम, सेकंद धरलेत तर ताण पास्कलमध्ये येतो. ग्रॅमऐवजी किलो धरलेत तर किलोपास्कलमध्ये. सरमिसळ नको.

रात्रभर चालणारं सिम्युलेशन मधूनमधून साठवा. जूनमध्ये वारा सुटला की वीज जाते, हे कोकणात नव्याने सांगायला नको. पण नुसत्या नोडच्या जागा साठवू नका. छेदानंतर टेट्रांची यादी बदललेली असते, तीही मूळ जागांसकट त्याच फाइलमध्ये हवी. नाहीतर वीज आल्यावर जुन्या मेशवर (टेट्रांच्या जाळ्यावर) नव्या जागा चढतील.