पानांची बाग: पावसाळी लागवडीत आधी पानांचा पोत पाहा, मग रंग

दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली, की पानांसाठी लावायची झाडं लावून घ्या. या दिवसांत कापून लावलेली काडी लवकर मुळं धरते आणि सुरुवातीला पाणी घालायची धावपळही वाचते.

मात्र नर्सरीत गेल्यावर दिसेल ते रंगीत रोप उचलू नका. प्रत्येक प्रकारचं एकेक रोप लावलं की बाग विस्कटलेली दिसते. पानांचे आकार एकमेकांहून जितके वेगळे, तितका पोत, म्हणजे पानांचा रुंद-बारीकपणा, उठून दिसतो. मागे कर्दळीची रुंद पानं, मध्ये स्नेक प्लांटच्या उभ्या तलवारी, पुढे ॲस्परॅगस फर्नचा बारीक झुबका, एवढ्यावरही वाफा भरून जातो. प्रत्येक प्रकाराची तीन ते पाच रोपं एकत्र लावा. कर्दळीत दीड फूट आणि पुढच्या झुबक्यांत एक फूट अंतर ठेवा. सुरुवातीला वाफा रिकामा वाटेल, वाटू द्या. जमलंय का हे पाहायचं असेल तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळी पानं एकात एक मिसळलेली दिसली तर मांडणी बदला.

ॲस्परॅगस फर्न नावालाच फर्न. तो खरा नेचा नव्हे. मुळांवरच्या गाठींत तो पाणी साठवतो, म्हणून पाणी द्यायला विसरणाऱ्यांनी आधी हाच लावावा. बारीक काटे असतात, तेवढं सांभाळा.

स्नेक प्लांटला पाऊस सोसतो, साचलेलं पाणी नाही. वाफा उंच करा, मातीत जाड वाळू मिसळा. पिवळ्या कडेची जात वाढवायची तर गड्डा फोडूनच. पानाच्या तुकड्यापासून रोप होतं, पण पिवळी कड जाते आणि नुसतं हिरवं रोप हाती येतं. पुष्कळांची फसगत इथेच होते.

रंगीत पानांच्या क्रोटनची काडी चार ते सहा इंचांची घ्या, खालची पानं काढा आणि चीक सुकल्यावर लावा. रोज चार-पाच तास ऊन हवंच. गडद सावलीत रंग उतरतो. जागा बदलली की हे झाड पानं गाळतं. अशा वेळी घाबरून पाणी वाढवू नका. कोलियस हेही रंगीत पानांचंच झाड; त्याचे शेंडे खुडत राहा, तुरे दिसताच काढा, नाहीतर झाड उंच आणि विरळ होतं. रंगीत झाडावर नुसती हिरवी फांदी फुटली तर ती बुडापासून कापा. ती जोमाने वाढून बाकीच्यांना दाबते.

डिफेनबेकिया आणि शोभेचे अळू दिसतात छान, पण त्यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. घरात लहान मूल, कुत्रं किंवा मांजर असेल तर ही दोन्ही नकोत.

खत म्हणून लावताना ओंजळभर कंपोस्ट पुरे. गोगलगायी मात्र रात्री बॅटरी घेऊन वेचाव्याच लागतात.