ओल्या जागेतील मोटारीची वायर पाणबंद लवचीक पाइपातून कशी न्यावी

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलकडील केळीच्या बागांमध्ये मोटार, ठिबकचा फिल्टर आणि खताची टाकी बहुधा एकाच ओट्यावर असतात आणि फिल्टर धुताना उडणारे पाणी स्टार्टरपासून मोटारीकडे गेलेल्या वायरीवर पडत राहते. अशा ठिकाणी आत जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्टीचे वेटोळे आणि वर पीव्हीसीचे अखंड आवरण असलेला लवचीक पाइप वापरावा. मोटारीची थरथर तो सहन करतो आणि उंदरांनी आवरण कुरतडले तरी वायर सहसा शाबूत राहते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून उन्हात टिकणारे आवरण मागून घ्यावे आणि शक्य तिथे पाइप सावलीतून न्यावा.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. लाइट गेलेली आहे म्हणून कामाला हात घालणे जिवावर बेतते, कारण पुरवठा केव्हाही येतो आणि ऑटो बसवलेला स्टार्टर मोटार आपोआप चालू करतो. त्यामुळे ऑटो बंद करून, मेन स्विच पाडून व फ्यूज काढून तिन्ही फेज टेस्टरने तपासावेत.

वायरींनी पाइपाच्या पोकळीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग व्यापू नये, इतका पाइप मोठा असावा. तो बारीक दातांच्या हॅक्सॉने काटकोनात कापून आतली धारदार कड कानशीने घासावी, नाहीतर वायर ओढताना तिचे इन्सुलेशन सोलले जाते.

सर्वांत जास्त लक्ष टोकांकडे द्यावे, कारण पाणी मधल्या पाइपातून क्वचितच, पण सैल जोडांतून हमखास शिरते. आधी ग्लँडचा (पाइपाचे टोक पेटीला पाणबंद जोडणाऱ्या जोडाचा) नट व सीलची रिंग पाइपावर चढवावी, मग धातूची बाही पोलादी वेटोळ्यात फिरवून पूर्ण बसवावी आणि पाइप ग्लँडमध्ये दाबून नट आवळावा. स्टार्टरच्या किंवा मोटारीच्या जोडणीच्या पेटीच्या पत्र्याला बाहेरून रबरी वॉशर आणि आतून लॉकनट असलाच पाहिजे. पाइप पेटीत खालूनच घ्यावा आणि त्याआधी त्याला थोडा झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तिथेच गळून पडते. ग्लँडपासून साधारण ३० सेंटीमीटरवर क्लॅम्प मारावा. ग्लँडला लागूनच पाइप वळवल्यास सील एका बाजूने उघडते.

अर्थिंगसाठी हिरवी वायर स्वतंत्रच ओढावी, पोलादी वेटोळ्यावर विसंबू नये. ठिबकच्या नळ्या धुण्यासाठी आम्ल वापरत असल्यास पाइप त्या टाकीपासून लांबून न्यावा. आयपी ६७ दर्जाचे (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) जोड १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकतात, कायम बुडून राहण्यासाठी ते नसतात. विहिरीतील सबमर्सिबलला तिची स्वतःची केबलच लागते.

शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) वायरींची तपासणी करावी आणि वाचन १ मेगाओमपेक्षा कमी आल्यास पुरवठा जोडू नये. वाचन ठीक आले तरी मेन बंद ठेवूनच जोडांवर नळीने पाणी मारावे, पेटी बाहेरून पुसून उघडावी आणि ग्लँडच्या आतल्या बाजूला कोरडा कागद फिरवून ओल लागते का ते पाहावे.